एकाच नळीतल्या दोन काचपट्ट्या

एकदा एक संशोधक होता. शाळा झाली, कॉलेज झालं, पीएच.डी.सुद्धा झाली, तरी याचं शिकणं काही संपेना. अशा माणसाला शिष्यवृत्ती देऊन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बसवतात आणि पोस्टडॉक म्हणतात. सासरे मात्र "अजून कायम नाही" असं म्हणतात.

एका रानवेलीचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर घालायचा, वर निळा रंग सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून मोजायचं, हे त्याचं काम. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. किती सोपं! पण काही पेशी धड निळ्याही नसतात आणि धड पांढऱ्याही नसतात. माणसाची परीक्षा तिथंच होते.

शुक्रवारी समिती बसणार होती. मुदतवाढ मिळाली तर आणखी एक वर्ष, नाहीतर पस्तिशीत गाशा गुंडाळायचा. काळजीनं त्यानं जेवण सोडलं. नखं खाणं तेवढं सोडलं नाही.

त्याचे गुरू निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी रोज येऊन बसत. सगळे त्यांना तात्या म्हणत. बुधवारी तात्यांनी दोन काचपट्ट्या आणून ठेवल्या. एकीवर चिठ्ठी 'अर्क', दुसरीवर 'नुसतं पाणी'.

"एवढं मोजून दे बाबा. माझे डोळे गेले आता."

शिष्यानं मोजलं. शंभरात अर्काच्या एकतीस मेलेल्या, पाण्याच्या चौदा. तो उजळला. "तात्या, बघा! तुमच्या हातूनही तेच आलं!"

तात्या खुदकन हसले. "वा रे पठ्ठ्या! दोन्ही एकाच नळीतल्या आहेत. अर्काचा थेंबही नाही."

शिष्यानं काचपट्ट्या बाजूला सारल्या. "परवा समिती आहे आणि तुम्हाला थट्टा सुचते? मी लबाड आहे असं म्हणायचंय का?"

"लबाड असतास तर चहा पाजून निरोप दिला असता. आपण काय करतोय हे लबाडाला ठाऊक असतं. तू भ्यायलायस. अर्धवट निळी पेशी दिसली की तुझी भीती आधी चिठ्ठी वाचते आणि मग डोळ्याला सांगते, 'ही मेली.' अरे, आशा धरण्यात पाप नाही. तिला फक्त चिठ्ठी वाचू देऊ नये."

"मग समितीपुढे काय नेऊ?"

"उरेल ते ने."

गुरुवारी त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून साऱ्या जुन्या काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून घेतल्या, पट्ट्या उलटसुलट लावून घेतल्या आणि पुन्हा मोजायला बसला. संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या. अर्क आणि पाणी यांतला फरक पूर्वी अठ्ठावीस होता, तो अकरावर आला. बाई बिचाऱ्या त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "गेल्या खेपेला अठ्ठावीस होते. बाकीचे सतरा कुठं गेले?"

शिष्यानं नखं खाणं थांबवलं. "ते माझे होते, सर. हे अकरा वेलीचे आहेत."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला. मग निकाल पुढच्या आठवड्यावर ढकलला गेला. समित्या दुसरं काय करतात? तो बाहेर आला तेव्हा काळजी होतीच. पण त्या अकराबद्दल त्याला काळजी नव्हती.

जे आपल्याला फार हवंय, ते मोजायला बसण्यापूर्वी चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांगाव्यात.