ऐन, हिरडा आणि तिसरं घरटं

फार जुन्या काळी सह्याद्रीच्या रानात तांबी नावाची शेकरू राहायची. शेकरूंची रीतच अशी, की पिल्लासाठी बऱ्याच झाडांवर घरटी बांधायची. एक पडलं तर दुसरं असावं.

तांबी मात्र हुशार. दोन वादळांत तिने सगळं रान न्याहाळलं आणि ठरवलं, "ऐनाचं झाड झुकतं तेव्हा हिरडा ताठ उभा असतो. दोघं एकदम पडायचे नाहीत. दोन घरटी पुरेत!"

शेजारच्या झाडावरचे म्हातारे धनेश पक्षी, धनेशकाका, हसले. "अगं, झाडं शेकडो आणि वादळं पाहिलीस दोन! एवढ्या गर्दीत कुठलीतरी जोडी योगायोगानेही एकमेकांच्या उलट वागलेली दिसणारच."

"काका, मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"पाहिलंस ते खरं. पण त्यावर निम्माच भरवसा ठेव, आणि पलीकडच्या आंब्यावरही एक घरटं बांध."

तिने कुरकुरत ओबडधोबड घरटं बांधलं.

पुढच्या वादळात ऐन कडाडला. पिल्लाला तोंडात धरून तांबी हिरड्याकडे झेपावली, तर तोही आडवा! आंब्यावरच्या ओबडधोबड घरट्यात पिल्लू वाचलं.

सकाळी काकांनी विचारलं, "मग? ऐन आणि हिरडा एकदमच पडतात म्हणायचं का आता?"

"छे हो काका," पिल्लाचं अंग चाटत तांबी म्हणाली, "वादळं तीनच तर पाहिलीत!"