चिंचेखालची मंडळी

एकदा एक तरुण शिष्य एका वृद्धाच्या हाताखाली शिकायला आला, आणि पहिल्याच नाताळात त्याला वाटू लागलं की आपण चुकीच्या दाराशी येऊन थांबलो आहोत.

शिष्याचं नाव हनोख. शहरात राहून त्याने पवित्र शास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. वृद्धाचं नाव मलाखी. सारे त्यांना आबा म्हणत. नदीकाठच्या एका गावात, वस्तीच्या टोकाला, हनोखच्या आईच्या माहेरची एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती, आणि आबा तिचे वडीलधारे होते. पाळक मात्र नव्हते. त्या मंडळीत पाळक हे पदच नव्हतं. रविवारी सकाळी प्रार्थनाघरात चटया अंथरायच्या, गोलाकार बसायचं आणि शांत राहायचं. ज्याच्या मनात देव शब्द घालील त्याने उठून बोलावं, मग तो कोणीही असो. इतरांनी त्याच्यासाठी थांबावं. प्रभुभोजनाची भाकर हातोहात फिरे. बाप्तिस्मा लहान बाळांना देत नसत. जाणत्या वयात ज्याचा त्याने तो मागावा आणि नदीत उतरून घ्यावा, अशी रीत होती. आबा थकत चालले होते. त्यांच्यामागे कोणीतरी हवं, म्हणून आईने हनोखला पाठवलं.

गावात दुसरीही एक मंडळी होती. तिचं मंदिर दगडी, उंच मनोऱ्याचं. तिथे दीक्षा घेतलेले पाळक होते, गायकवृंद होता, तरुणांचा संघ होता. नाताळच्या आठवड्यात त्यांची गाणारी टोळी कंदील घेऊन गल्लोगल्ली फिरे. त्या वर्षी ती टोळी प्रार्थनाघराच्या दाराशीही आली, दोन गाणी म्हणाली, गूळपोहे खाऊन पुढे गेली. हनोख दारात उभा राहून गाण्याचा आवाज लांब जाताना ऐकत राहिला. आत चार म्हातारी माणसं, वीटभट्टीवरची तीन-चार कुटुंबं आणि दवाखान्यात आयाचं काम करणारी एक बाई, एवढीच मंडळी बसली होती. त्याच्या वयाचं तिथे कोणी नव्हतं. ज्याच्याशी भांडावं असंसुद्धा कोणी नव्हतं.

माघात भट्टीवरचे शिमोनकाका वारले, तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. अर्ध्या वाटेवर हनोखचा खांदा अवघडला, आणि बदली द्यायला मागे कोणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात रस्त्याने जाणारे मोठ्या मंडळीचे काही लोक चपला काढून पुढे झाले. त्यांनी दफनभूमीपर्यंत खांदा दिला, माती दिली, आणि काही न बोलता गेले. त्या संध्याकाळी हनोखने विचारलं, "आबा, ही माणसं आपल्यापेक्षा निराळी कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत," आबा म्हणाले.

"मग आपण निराळे का बसतो?"

 आबा शिमोनकाकांच्या विधवेकडे डबा घेऊन निघाले.

रविवारची शांतता हनोखला सोसवत नसे. सगळे डोळे मिटून बसले की त्या गप्पपणात त्याला आपलं एकटेपण ऐकू येई. म्हणून तो घरून प्रवचन तयार करून आणी, आणि शांतता जरा लांबली की उठून बोलू लागे. बोलणं चांगलं असे. लोक मान डोलावत. आबा काही म्हणत नसत.

चैत्रात मोठ्या मंदिराची मुख्य तुळई वाकली. पाहणी करणाऱ्यांनी सांगितलं, छप्पर उतरवल्याशिवाय आत कोणी बसायचं नाही. काम पावसाळ्यापर्यंत चालणार होतं. शाळेचं सभागृह परीक्षांमुळे मिळेना. ही बातमी कानावर आली तशी आबांनी काठी घेतली आणि हनोखला बरोबर घेऊन ते पाळकांच्या, म्हणजे रेव्हरंड लोंढ्यांच्या घरी गेले.

"सलाम, साहेब. आमचं प्रार्थनाघर आहे. गैरसोय होईल, पण सगळे मावाल. मधली कुडाची भिंत मी काढून देतो."

रेव्हरंड लोंढ्यांनी आबांना बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "आबा, तुमच्या उपासनेचं काय? वेळ तर एकच आहे."

"ते आमचं आम्ही बघू."

परतताना हनोखची पावलं हलकी पडत होती. शेवटी हे व्हायचंच होतं, असं त्याला वाटलं. एक छप्पर, एक वेळ. आता दोन मंडळ्या कशाला राहतील? भिंत पाडताना त्याने कुणाला हात लावू दिला नाही. सगळा कूड त्याने एकट्याने उतरवला.

शनिवारी आबांनी स्वतः जमीन सारवली. पाळकांसाठी मेज मांडलं, बाकांना जागा केली, पिण्याच्या पाण्याचे माठ भरले. रविवारी उजाडताच त्यांनी आपल्या मंडळीच्या चटया उचलल्या, त्या अंगणाबाहेरच्या चिंचेखाली नेल्या आणि गोलाकार अंथरल्या.

हनोख बघतच राहिला. "आबा, हे काय?"

"आपली बसायची जागा."

"पण आत जागा आहे! त्यांनी पुढचा बाक आपल्यासाठी राखून ठेवलाय."

"दिसला मला. मोठ्या मनाची माणसं आहेत."

इतक्यात रेव्हरंड लोंढे पांढऱ्या झग्यात बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "आबा, असं करू नका. घर तुमचं, आणि तुम्हीच बाहेर? लोक मला काय म्हणतील?"

"तुम्ही निवांत बसा, साहेब. आमचं इथं छान आहे. काही लागलं तर हाक मारा."

दोन्ही उपासना सुरू झाल्या. आतून पेटीचा सूर उठला, शंभर गळे एकदम गाऊ लागले. चिंचेखाली मूठभर माणसं गप्प बसली होती. येणारेजाणारे थांबून पाहत होते. हनोखला शरमेने मान वर करवेना. त्या दिवशी बोलायला त्याच्याकडे शब्दच नव्हते. सगळं संपल्यावर त्याने चटया गोळा केल्या आणि त्या आबांच्या पुढ्यात जवळजवळ आपटल्या.

"त्यांच्याबरोबर बसणं पाप वाटत असेल, तर घर कशाला दिलंत? आणि घर देण्याइतकं प्रेम असेल, तर बसायला काय होतं? लोक हसतायत आपल्याला."

आबा रागावले नाहीत. "पुढच्या रविवारी तू आत बस," ते म्हणाले. "मनापासून बस. मग बोलू."

त्या आठवड्यात रेव्हरंड लोंढ्यांनीही हनोखला बोलावून घेतलं. तळमळीने म्हणाले, "तू शिकलेला आहेस. इथे सहायकाची जागा आहे, राहायला खोली आहे, काम करायला तरुण मुलं आहेत. तुमची मंडळी आमच्यात येईल तर आनंदच. एवढंच, की आमच्याकडे भाकर मोडायची ती दीक्षित पाळकाने, आणि उपासना चालते ती ठरलेल्या क्रमाने. ते तुम्हाला मान्य करावं लागेल. विचार कर."

त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. हनोखला ते आवडलं.

रविवारी तो आत बसला. कितीतरी महिन्यांनी तो गर्दीत गात होता. शेजारच्या मुलाने स्वतःचं गीतपुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. प्रवचन उत्तम होतं. इतक्या माणसांत बसल्यावर आतली पोकळी भरल्यासारखी झाली, आणि त्याने मनात ठरवूनच टाकलं की आपण इथेच यायचं.

प्रवचन चालू असताना त्याची नजर खिडकीबाहेर गेली. चिंचेखाली दुर्काबाई उभी राहिली होती. ती पूर्वी भट्टीवर विटा वाहायची. वर्षभरापूर्वी तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. एक शब्द बोलायला तिला फार वेळ लागे. हनोखने तिला मंडळीत उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. आता ती नणंदेच्या खांद्याला धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. भोवती सगळे मान खाली घालून बसले होते. कोणी खोकलं नाही, कोणी चुळबुळ केली नाही, तिचं वाक्य कोणी पुरं करून दिलं नाही.

आत प्रवचन संपलं. सूचना झाल्या, एक गीत झालं, दानथैली फिरली, आशीर्वाद झाला. हनोखने पुन्हा बाहेर पाहिलं. दुर्काबाई अजून उभीच होती, आणि सगळे अजून थांबलेलेच होते.

तो बाहेर आला तोवर ती खाली बसली होती. तिचा चेहरा घामाने डबडबला होता. नणंद पदराने तो पुसत होती आणि दुर्काबाई हसत होती.

दुपारी आबा ओसरीवर एकटे बसले असताना हनोख जवळ जाऊन बसला.

"काय म्हणाली ती?"

"शिमोनकाकांनी मागे तिच्या पोराला भट्टीच्या जाळातून ओढून काढलं होतं. त्याबद्दल देवाचे आभार मानले. कितीतरी महिने मानायचे राहिले होते म्हणाली."

"मग इतके महिने का थांबली?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोष देणं नव्हतं, पण हनोखला सगळं उमगलं. प्रत्येक रविवारी शांतता जरा लांबली की कोण उठत होतं, ते त्याला आठवलं. त्याचे कान तापले.

"आबा, तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"तूही मंडळीतलाच. तुझ्यासाठीही थांबायचं असतं." आबांनी काठी बाजूला ठेवली. मग सावकाश बोलू लागले. "नीट ऐक, बाळा. त्या मंडळीत देव नाही, असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही आणि निघू नये. त्यांच्या क्रमाने हजारो माणसं तरली आहेत. पण आपल्या आधीच्या माणसांनी देवापुढे एक वचन दिलं. या मंडळीत कोणी एकजण सर्वांच्या वतीने बोलणार नाही. सर्वांत मागचं माणूस स्वतःच्या तोंडाने बोलेल, आणि बाकीचे वाट पाहतील. शंभर माणसांत अशी वाट पाहता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना लेकरांची शाळा घ्यायची असते, परगावच्यांना गाडी गाठायची असते. आज आपण आत जाऊन बसलो असतो तर आपल्याला फार बरं वाटलं असतं. महिन्या-दोन महिन्यांत आपली रीत आपल्यालाच लाजिरवाणी वाटली असती, आणि मग ती कोणी न मोडता मोडली असती. घर आपलं होतं, म्हणून देता आलं. ही रीत आपल्याला सांभाळायला मिळाली आहे. ती मी कुणाच्या परवानगीने देऊन टाकू?"

"पण मग घर देण्याची तरी काय गरज होती?"

"घर तर सर्वांत आधी द्यायलाच हवं होतं. वेगळं बसायचं आणि दारही लावून घ्यायचं, याला मी निष्ठा म्हणत नाही. तो गर्व झाला. शिमोनच्या तिरडीला खांदा कुणी दिला, विसरलास?"

वारा पडला होता. हनोखने विचारलं, "तुम्हाला एकटं नाही वाटत, आबा?"

"वाटतं तर." आबा म्हणाले. "माझा थोरला, जोएल, त्याच मंडळीत आहे. बायको तिकडची केली, तिकडे गेला. मी अडवलं नाही. हल्ली तो माझ्याच घरात तिसऱ्या बाकावर बसतो, आणि मी बाहेर असतो. त्याची धाकटी पोर गाते ना, तिचा आवाज मला शंभरांत ओळखू येतो. आज दोनदा उठावंसं वाटलं. उपासना सुटली की मात्र मी पळत जातो हो. चहा त्यांच्यातच बसून पितो."

 हनोखने आबांचा हात धरला.

आषाढापूर्वी मंदिराचं काम पुरं झालं. मोठी मंडळी आपल्या जागी परतली. जाताना त्यांनी प्रार्थनाघराला चुना लावून दिला, कौलं चाळून दिली. पुढच्या रविवारी चटया पुन्हा आत आल्या. खोली पूर्वीपेक्षा मोठी आणि रिकामी वाटत होती. हनोखने त्या दिवशी प्रवचन आणलं नव्हतं. शांतता लांबत गेली. ती त्याला अजूनही जड जात होती. तरी तो उठला नाही.

सोमवारी तो रेव्हरंड लोंढ्यांकडे गेला आणि सहायकाची जागा आपण घेऊ शकत नाही असं त्याने सांगितलं. का, तेही सांगितलं. रेव्हरंडांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"तुझं म्हणणं मला पटतं असं नाही," ते शेवटी म्हणाले. "पण तू रुसून जात नाहीस, हे दिसतंय. अरे, एकटा पडशील."

"पडेन, साहेब."

रेव्हरंड त्याला फाटकापर्यंत सोडायला आले. कडी काढता काढता म्हणाले, "मग रविवारी उपासना सुटली की आमच्याकडे जेवायला येत जा. आबांनाही आण. जोएलला मी सांगून ठेवतो."

"येईन."

परत येताना रस्त्यात त्याला कोणी भेटलं नाही. त्या दिवशीही त्याला एकटं वाटलंच. पण ते कुणासाठी सोसायचं, हे आता त्याला ठाऊक होतं.