नानांची बारा वर्षांची वाइन

द्राक्षांच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा, पण विसराळू नव्हे. सांगितलेलं एक अक्षर तो विसरत नसे. पंचाईत तिथेच होती.

गेनू दौलतनानांकडे कामाला होता. नानांनी बारा वर्षांपूर्वी दुभती म्हैस विकून उंची लाल वाइनच्या चोवीस बाटल्या घेतल्या होत्या. ही वस्तू जितकी जुनी होते तितका भाव चढतो, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, दूध विकत आणावं लागे. आता मुंबईचे होर्मसजी बाटल्या घ्यायला येणार होते. सौदा झाला की आधी म्हैस, असं यमुनाबाईंनी नानांकडून वदवून घेतलं होतं.

नानांनी गेनूला तळघरात नेलं. "हे बघ, चांगला माल अंधारात आडवा ठेवायचा. अन् त्याला हात लावायचा नाही."

"आलं ध्यानात," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं डेअरीतून दूध आणलं. दूध चांगलं होतं. म्हणून त्यानं किटली तळघरात आडवी ठेवली. झाकण निसटलं, दूध वाहू लागलं, पण गेनूनं हात काही लावला नाही.

यमुनाबाईंनी कपाळ बडवलं. "अरे, आणल्या आणल्या चुलीवर ठेवायचं असतं!"

"आलं ध्यानात."

मग उन्हाळा तापला. तळघर गार राहावं म्हणून नानांनी त्याला बर्फाची लादी आणायला पाठवलं. गेनूनं ती आणली, पातेल्यात घातली आणि चुलीवर ठेवली. उकळी फुटल्यावर हाक मारली, "नाना, बर्फ झाला!"

नाना पातेल्यात बघतच राहिले. "अरे बाबा, पाणी सुटायला लागलं की भुशात घोळवायचं, गोणपाटात गुंडाळायचं अन् घरी आणायचं!"

"आलं ध्यानात."

गुरुवारी होर्मसजी आले. गेनू बैलगाडी घेऊन एसटी स्टँडवर गेला. म्हातारे, गोरेपान गृहस्थ उन्हात उभे होते आणि त्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. म्हणजे पाणी सुटलं होतं. गेनूनं वेळ दवडला नाही.

अंगणात गोणपाट सोडलं तेव्हा होर्मसजींच्या भुवयांतसुद्धा भुसा होता. माणूस मोठ्या मनाचा. "नानाजी, तुमच्याकडे पाहुण्याला असाच आणतात काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

नाना ओशाळून हसले. गेनूनं लगबगीनं माठातलं पाणी आणून दिलं. यमुनाबाईंनी त्याला दाराआड ओढलं आणि हळूच झापलं, "कालचं पाणी? पाहुण्याला शिळं देतात होय? घराची अब्रू जाईल! शिळं असलं की ओतून टाकायचं, भांडं राखेनं लख्ख घासायचं अन् ताजं भरायचं."

"आलं ध्यानात."

पानं वाढली. होर्मसजींनी विचारलं, "माल किती जुना हाय?"

"बारा वर्षांचा!" नाना छाती फुगवून म्हणाले.

वाढता वाढता गेनूचा हात थांबला. त्यानं नानांकडे पाहिलं. मग वाडगं खाली ठेवून तो गुपचूप बाहेर गेला.

जेवणं झाली, विडे झाले, होर्मसजींनी तासभर डुलकीही काढली. मग सगळे तळघरात उतरले. यमुनाबाई कधी उतरत नसत, त्याही उतरल्या. त्या बाईंचा तो हसरा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं.

चोवीस बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एकीवरही धूळ नव्हती, चिठ्ठी नव्हती, बूच नव्हतं. होर्मसजींनी एक उचलून दिव्यासमोर धरली. पलीकडचे नाना स्वच्छ दिसले.

"गेनू, वाइन कुठंय?" नाना ओरडले.

गेनू त्यांच्या कानाशी लागला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोला, नाना. बारा वर्षांचं शिळं होतं ते, सगळं मोरीत ओतलं अन् ताजं पाणी भरलं. पाव्हण्यांना काही कळलेलं नाही."