अनसूयाबाईंची शेळी आणि साहेबांची फीत

नगरपरिषदेने नियम केला की, शेजाऱ्याच्या घराच्या भिंतीपासून पन्नास फुटांच्या आत कोणीही जनावर बांधू नये. नियम रास्त होता; परंतु स्वच्छता निरीक्षक टिपणीस यांना नियमापेक्षा आपल्या हुद्द्याचा अभिमान अधिक होता. त्यांनी पहिली तपासणी शेजारच्या अनसूयाबाई खरमाटे यांच्या अंगणात केली.

साहेबांनी दोन पंच उभे केले, स्वतःच्या घराच्या भिंतीपासून शेळीच्या खुंट्यापर्यंत फीत ओढली आणि जाहीर केले, "चाळीस फूट. काकू, उद्या शेळी कोंडवाड्यात जाईल."

ती शेळी अनसूयाबाईंनी बाटलीने दूध पाजून वाढवली होती, आणि घरात बोलायला दुसरे कोणी नव्हते. तरीही त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम तो नियम. फक्त फीत कोणत्या भिंतीला लावली, ते पंचनाम्यात स्पष्ट लिहा."

"माझ्या स्वयंपाकघराच्या."

"म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी परवानगीवाचून दहा फूट पुढे वाढवलेल्या खोलीच्या. तसेच लिहा, साहेब. पंच खाली सही करतील."

पंच आभाळाकडे पाहू लागले. टिपणिसांनी लेखणी खिशात ठेवली. फितीचे टोक त्यांनी खिडकीतून आत पत्नीच्या हाती दिले आणि ते जुन्या भिंतीला लावण्यास सांगितले.

खुंट्यापाशी वाकून एका पंचाने वाचले, "पन्नास फूट, वर चार बोटे."

आतून पत्नीने विचारले, "अहो, काकूंची शेळी राहिली ना? मग सोडू का टोक? भाजी करपतेय."