ट्रायपॉड कुणाच्या उंचीचा?

विणकरांचं एक गाव होतं आणि त्या सबंध गावाला मिळून फोटोग्राफर एकच, रंगनाथअण्णा दिवटे. अण्णा चांगले उंच होते. त्यांचे वडीलही उंच होते आणि तेही फोटोच काढायचे. वडिलांनी मागे ठेवलं ते इतकंच : एक स्टुडिओ, एक ट्रायपॉड आणि एक नियम. कॅमेरा कायम आपल्या डोळ्याच्या उंचीवर ठेवायचा. फोटोग्राफर एकदा वाकला की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं.

अण्णांनी नियम पाळला. ट्रायपॉडचे तिन्ही पाय पुरते ताणलेले होते आणि ते पुन्हा सरकू नयेत म्हणून वडिलांनी त्यांवर तारेचे वेढे मारले होते. समोर कोणीही असो, उंची तीच. त्यामुळे त्या गावातली पोरं फोटोत मोठ्या डोक्याची आणि आखूड पायांची यायची. जमिनीवर बसलेल्या आजीचा नुसता भांग दिसायचा. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. गावाला त्याची इतकी सवय झाली की लोक म्हणायचे, आमच्या घराण्यात सगळ्यांचेच पाय आखूड. अण्णांना कोणी काही बोलत नव्हतं. लहान माणूस चुकला तर त्याला चूक म्हणायचं आणि मोठा माणूस चुकला तर त्याला पद्धत म्हणायचं, अशी त्या गावाची रीत होती.

त्याच गावात कावेरी हावरे विणायची. तिचा माग खड्ड्याचा होता. म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून विणणारीने बसायचं, आणि ताणलेलं रेशीम जमिनीपासून हातभर उंचीवर, तिच्या छातीसमोर. बन्सीशेठच्या दुकानासाठी ती साड्या विणायची. रेशीम शेठचं, नक्षी तिची, हात तिचे.

सरकार दरवर्षी एका विणकराला पुरस्कार द्यायचं. अर्जाला एक अट होती. विणकर स्वतः मागावर विणत असल्याचा फोटो हवा, त्यात हात स्पष्ट दिसायला हवेत, आणि फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का हवा. मोबाइलवर काढलेला चालणार नाही, असं खाली छापलेलंच होतं. गावात शिक्का एकट्या अण्णांकडे.

मागच्या वर्षी कावेरीने अर्ज केला तेव्हा अण्णा आले, खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले आणि फोटो काढून गेले. फोटोत कावेरीचा भांग होता, दोन खांदे होते आणि खाली अंधार होता. समितीने कळवलं, विणकराचे हात दिसत नाहीत. त्याच वर्षी बन्सीशेठने तिनेच विणलेल्या साडीवर हात ठेवून, उभं राहून स्टुडिओत फोटो काढून घेतला. शेठ अण्णांच्याच उंचीचे. फोटो झकास आला, हात तर फारच छान आले. त्यांनी तो आणि मागावर बसलेल्या कुणा बाईचं डोकं असलेला दुसरा, असे दोन्ही जोडून अर्ज केला. विणकर म्हणून पुरस्कार शेठना मिळाला. ज्या माणसाने उभ्या जन्मात मागाचा धोटा हातात धरला नव्हता, त्याचा गावातल्या म्हाताऱ्यांनी नारळ देऊन सत्कार केला. कावेरीलाही बोलावलं होतं, चहा करायला.

या वर्षी तिने आठ महिने खपून एक पदर विणला. त्यात पोपट होते, आणि एकाही पोपटाचा डोळा दुसऱ्यासारखा नव्हता. साडी उद्या मागावरून उतरायची होती. एकदा उतरली की ती कोणी विणली हे दाखवायला तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं. म्हणून तिने अण्णांना आजच बोलावलं.

अण्णा आले, ट्रायपॉड उभा केला. कावेरीने हात जोडून सांगितलं की अण्णा, यंदा तेवढा कॅमेरा खाली घ्या. अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दारात तिचे चुलतसासरे शिदरामकाका सुपारी कातरत बसले होते. ज्या गोष्टीतलं काही कळत नाही त्या गोष्टीवर आधी बोलायचं, हे त्यांचं आवडतं काम.

"सूनबाई, साठीच्या माणसाला जमिनीवर लोळायला सांगतेस? तुझ्यासाठी?"

कावेरीच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. तिने ते गिळलं. भांडून उपयोग नव्हता. शिक्का अण्णांकडे होता आणि दिवस एकच उरला होता. पण अण्णांना ती लहानपणापासून ओळखत होती. कसं उभं राहायचं, हनुवटी कुठे धरायची, हे शिकवल्याशिवाय त्यांनी आजवर एक फोटो काढला नव्हता. तिने आवाज मऊ केला. म्हणाली, माझंच बसणं चुकत असेल. तुम्हीच जरा मागावर बसून दाखवा, हात कुठे धरू ते.

शिकवायला मिळतंय म्हटलं की मोठी माणसं खड्ड्यातसुद्धा उतरतात. अण्णांनी चपला काढल्या, काठाला धरून खाली पाय सोडले, रेशमावर हात ठेवले आणि सांगायला लागले. पाठ अशी, मान अशी, नजर कामावर. कावेरी हो हो करत ट्रायपॉडकडे गेली. कॅमेऱ्यापर्यंत तिची नजर पोचेना. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि बटण दाबलं. मग कॅमेरा सोडवून खड्ड्याशी नेला आणि त्याचा पडदा अण्णांपुढे धरला.

पडद्यावर एक टक्कल होतं. दोन खांदे होते. खाली अंधार होता.

"हा कोण?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही."

"आणि माझे हात कुठेत?"

"समितीने मागच्या वर्षी हेच विचारलं होतं, अण्णा."

दारातून शिदरामकाकांनी सुनावलं की वडीलधाऱ्यांची थट्टा करणाऱ्या घरात लक्ष्मी टिकत नाही.  अण्णा खड्ड्यातच बसून होते. तिथून ट्रायपॉड छताला टेकल्यासारखा दिसत होता. समोर, अगदी नाकासमोर, पोपटांची रांग होती. एवढी वर्षं या घरात ये-जा होती, पण पोपटांचे डोळे वेगवेगळे असतात हे त्यांना आज कळत होतं.  मग त्यांनी पक्कड मागितली.

"रंगनाथ, ती तार तुझ्या बापाने बांधलीय," शिदरामकाका म्हणाले.

"बापाने आयुष्यभर शेठ लोकांचे फोटो काढले, काका. ते उभे असायचे."

तार तुटली, पण पाय सरकेनात. इतकी वर्षं न वाकलेली वस्तू अशी एकदम वाकत नाही. कावेरीने मागाचं तेल आणलं. अण्णांनी ते सांध्यांत सोडलं, ठोकलं, पिळलं, तेव्हा एकेक पाय करकरत आत गेला. आता अण्णांनाही जोर चढला. ट्रायपॉड त्यांनी पार जमिनीला टेकवला, स्वतः पालथे पडले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, बस आता. कावेरी बसली. त्यांनी फोटो काढून दाखवला. फोटोत कापड गुंडाळायचा जाडजूड लाकडी रूळ होता. रुळामागे हात पुन्हा गडप.

कावेरीने या वेळी आवाज मऊ केला नाही.

"नुसतं खाली यायचं म्हणून येऊ नका, अण्णा. हात कुठेत ते बघा आणि तिथे या."

अण्णा गुमान उठले. रुळाच्या वर, रेशमाच्या वर, चार बोटं आणि आणखी चार बोटं, अशी त्यांनी उंची मोजली. ती ना त्यांच्या डोळ्याची होती, ना जमिनीची. गुडघे टेकून, मान तिरकी करून त्यांनी पडद्यात पाहिलं. खिडकीचा उजेड कावेरीच्या बोटांवर पडला होता. बोटांत रंगीत रेशमाच्या बारीक कांड्या होत्या आणि वर तिचा चेहरा होता, पोपटाच्या डोळ्यात बुडालेला. त्यांनी तीन फोटो काढले. त्यातला कुठलाही पाठवला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी साडी उतरली, अर्ज शिक्क्यासकट गेला.

पुढे अण्णा गावभर सांगत फिरले की कॅमेरा खाली घ्यायची युक्ती आपल्याला सुचली. पोरांचे फोटो ते आता उकिडवे बसून काढायचे आणि पोरांना पाय फुटले म्हणून गावाला नवल वाटायचं. कावेरीने त्यांना खोटं पाडलं नाही. चूक सुधारणं आणि ती कुणी दाखवली ते सांगणं, या दोन्ही गोष्टी एकाच म्हाताऱ्याकडून मागणं जास्त झालं असतं.

चार महिन्यांनी पत्र आलं. विणकराचं नाव : कावेरी हावरे. दुसऱ्या दिवशी बन्सीशेठ घरी आले. शिदरामकाकांनी लगबगीने त्यांना खुर्ची दिली. शेठनी समजावून सांगितलं की साडी दुकानाची आहे, रेशीम दुकानाचं आहे, तेव्हा पुरस्कार घ्यायला आपण जाणंच बरं दिसेल, बाईमाणसाने एवढ्या लांब कशाला जायचं. शिदरामकाकांनी मान डोलावली.

कावेरी आत गेली, फोटो घेऊन आली आणि शेठच्या मांडीवर ठेवला.

"यात तुम्ही कुठे आहात तेवढं दाखवा, शेठ. दाखवलंत तर मी जात नाही."

शेठनी फोटो पाहिला. मग त्यांनी तो उलटा करून मागचा शिक्काही पाहिला. चहा यायच्या आधी ते निघून गेले. तो तसाही कोणी ठेवला नव्हता.

तात्पर्य: कॅमेरा किती उंचावर ठेवायचा हे समोर कोण काय करतंय त्यावरून ठरतं, मागे कोण उभं आहे त्यावरून नाही. माणसाचं काम बघायचं तर त्याच्या हातांच्या उंचीवर यावं लागतं. आणि जो वयाने, मानाने जितका उंच, त्याला तितकं जास्त वाकावं लागतं.