झुकल्या डोलकाठीची गोष्ट

बंदरावर उतरलात की आमच्या सावरखोलच्या होड्या नीट बघा. सगळ्यांच्या डोलकाठ्या पुढे झुकलेल्या. पाहुणे विचारतात, "वादळाने वाकल्या का हो?" वादळाची काय बिशाद! त्या चांगुणाबाय कोळणीने वाकवल्या.

फार पूर्वी ही खाडी आणि समोरचं बेट यांच्यामधल्या पाण्यावरून सावरखोल आणि पलीकडचं केळबाव यांच्यात भांडण होतं. रोज जाळी फाटायची, रोज डोकी फुटायची. शेवटी किल्ल्यावरच्या हवालदाराने फर्मावलं म्हणे, की नारळी पौर्णिमेला नुसत्या शिडावर जाऊन बेटावरच्या देवीला जो आधी नारळ वाढवेल, पाणी त्याच्या गावाचं. हरेल त्याने जाळी गुंडाळून किनारा सोडायचा.

केळबावकडे उंच, देखणी होडी तयार होती. आमच्याकडे लाकूड होतं ते एकाच होडीपुरतं. चूक परवडणारी नव्हती. म्हणून गोमा सुताराने ओहोटीच्या ओल्या वाळूत होडी आखली, डोलकाठीच्या जागी बांबू रोवला आणि समुद्राचा कौल लावला: भरतीने आखणी पुसली तर होडी नापसंत, ठेवली तर पसंत. भरतीने पुसली. दुसऱ्या दिवशी पोट रुंद केलं, पुसली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लांबवली, तीही पुसली. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी चांगुणाबाय आली. होडी हाकायची होती तिलाच. अख्ख्या खाडीत तिच्याइतकं वारं कुणाला कळत नव्हतं. ती सरळ त्या वाळूच्या होडीत जाऊन बसली.

"गोमाकाका, वारा बेटाकडून. वळणावळणाने जायचं म्हणजे दर वळणाला शीड या अंगाचं त्या अंगाला घ्यायचं. तुझ्या ताठ काठीत ते अडकणार आणि माझ्या डोक्यात बसणार!"

तिने बांबू धरला आणि पुढे रेटला. "आता काठीच्या पुढून फिरंल."

"वाकडी डोलकाठी? लोक हसतील, चांगुणे! म्हणतील गोमाला ताडी चढली."

"हसू देत. पाणी गेलं तर रडायला तरी इथं कोण राहणार?"

त्या दिवशी भरती आली, आखणीपाशी थबकली आणि दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे गेली. एक रेघ पुसली नाही, असं सांगतात. आमची आत्या तर म्हणायची, वाळूची होडी चार बोटं तरंगलीसुद्धा. तेवढं मी सांगत नाही. मी आपला खरं तेवढंच सांगतो.

पौर्णिमेला केळबावकर आमची काठी बघून पोट धरून हसले. पहिल्याच वळणाला त्यांचं शीड काठीला गुरफटलं. चौघे ते सोडवतात तोवर चांगुणाबायने तीन वळणं घेतली, शीड दर वेळी काठीच्या पुढून सुर्रकन फिरलं. केळबावकर बेटाला लागले तेव्हा नारळ केव्हाच वाढवून झाला होता. चांगुणाबायने एकेकाच्या हातावर खोबरं ठेवलं. "प्रसाद आहे, दादा. हसून हसून दमला असाल."

पाणी आमचं झालं. पण केळबावला हाकलू नका, असं तिनेच हवालदाराला सांगितलं म्हणे. आमच्या परवानगीने तेही जाळी टाकू लागले.

आजही सावरखोलात नवी होडी आधी वाळूत आखतात. घरातली बाई त्यात बसून बांबू पुढे रेटते, तेव्हा कुठे सुतार लाकडाला हात लावतो. आणि केळबावला गेलात तर तिथल्या डोलकाठ्याही बघा. सगळ्या पुढे झुकलेल्या. का म्हणून विचारा, सांगतात, "ही आमचीच जुनी पद्धत."