खड्ड्याला खड्डा म्हणायची बंदी

“खड्डा आला, खड्डा! उजवीकडे घ्या रे!” एवढंच लिंबाजी भोई ओरडला आणि थेट तुरुंगात जाऊन बसला.

आता सांगा, त्याचं काय चुकलं? तो बोरनगरच्या राजाच्या मेण्याचा पुढचा भोई. मागच्या भोयांना पुढचं काही दिसत नाही, म्हणून वाटेत जे येईल ते पुढच्याने ओरडून सांगायचं, ही भोयांची जुनी रीत. पण त्या दिवशी शेजारच्या मेण्यात राजाचे व्याही होते. ते पडद्याआडून खो खो हसले आणि म्हणाले, “राजेसाहेब, आधी तुमचा रस्ता पाहिला असता, तर मुलगी दिली नसती!”

राजा लालबुंद झाला. त्याने दिवाणजींना बोलावलं.

“दिवाणजी, रस्त्यासाठी दर वर्षी खजिन्यातून थैली निघते. मग खड्डा आला कुठून?”

“खड्डा? छे छे!” दिवाणजींनी कानाला हात लावले. “थैली दर वर्षी निघते आणि रस्ता तळहातासारखा आहे, महाराज. खड्डा रस्त्यात नाही, त्या भोयाच्या तोंडात आहे!”

दिवाणजी खोटं कशाला बोलतील? थैली खरंच निघायची. फक्त वाटेत दिवाणजींचा वाडा लागायचा. तिथे ती बिचारी जरा टेकायची आणि उठायची तेव्हा पार रोडावलेली असायची. मग रस्त्यावर टोपलीभर माती पडायची, तिच्यावर फुलं पडायची, आणि दिवाणजी स्वतःच्या हाताने नारळ फोडायचे. पहिली बैलगाडी गेली, की माती एकीकडे आणि करवंटी दुसरीकडे! वाड्याचं अंगण मात्र घडीव दगडांनी असं गुळगुळीत झालं होतं, की मांजरसुद्धा घसरून पडायचं.

राजा हट्टी. त्याने दवंडी पिटवली, “आजपासून ‘खड्डा’ हा शब्द कोणी उच्चारायचा नाही!” झालं! लोक गुमान पडू लागले, गुमान उठू लागले. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “काही नाही हो, जमीन जवळून बघत होतो.”

लिंबाजीची लेक सगुणा तडक दरबारात गेली. “महाराज, माझ्या बाला सोडा. त्यानं त्याचं कामच केलं!”

“सोडतो की!” राजा म्हणाला. “उद्या माझा मेणा देवळापर्यंत न्यायचा. पुढे चालून हाका तू द्यायच्या. मला एक हिसका बसता कामा नये आणि तो शब्द कानावर येता कामा नये. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर बापलेकीनं गाव सोडायचं!”

दिवाणजी मिशीत हसले. हाक दिली तर शब्द येणार, नाही दिली तर मेणा आदळणार. पोरगी गेली कामातून!

पण सगुणाने विचारलं, “महाराज, दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर चालेल?”

“कुठल्याही नावानं मार!” राजा खेकसला.

सकाळी मेणा निघाला. आत राजा, बाजूला घोड्यावर दिवाणजी, पुढे सगुणा. चौक ओलांडला आणि तिने हाक दिली, “दिवाणजी आले, दिवाणजी! उजवीकडे घ्या रे!”

भोई झटकन उजवीकडे सरकले.

“मोठे दिवाणजी! चिखलात लोळतायत, कडेनं चला!”

“धाकटे दिवाणजी! आणि पाठोपाठ जुळे!”

“हे दिवाणजी परवाच बुजवले होते, पुन्हा तोंड वासलंय! जपून!”

रस्त्यावरचे लोक पदरात, उपरण्यात तोंड खुपसून हसू लागले. दिवाणजींचा चेहरा लाल मिरचीसारखा झाला. “महाराज, ही भररस्त्यात माझी अब्रू काढतेय!”

मेण्याचा पडदा सरकला. “सगुणे, हा काय चावटपणा?”

“चावटपणा कसला, महाराज? त्याचं नाव घ्यायची बंदी. मग ओळखायचं कसं? पोराला बापाचंच नाव लावतात ना! ही सगळी दिवाणजींची लेकरं. यांच्या वाटचं बापानंच खाल्लं, म्हणून बघा कशी पोटं खपाटीला गेलीत!”

राजाने पहिल्यांदाच मान बाहेर काढून रस्ता पाहिला. देवळापर्यंत दिवाणजींचं गोकुळ नांदत होतं! राजा गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, “चला पुढे.”

देवळाच्या दारात मात्र सगुणा किंचाळलीच, “थांबा रे! महाराज आले, महाराज! लई खोल आहेत, सांभाळा!”

भोयांचे पाय जागीच थिजले. दिवाणजींना तर गुदगुल्या झाल्या. “ऐकलंत, महाराज? आता तर प्रत्यक्ष आपल्याला!”

राजाच्या कपाळावर आठी चढली. “सगुणे, बाकीचे दिवाणजींचे. मग हा माझा कसा?”

पण माघार घेईल ती सगुणा कसली! “जन्माला दिवाणजींनीच घातला, महाराज. पण दत्तक आपण घेतलाय!”

“मी? कधी?”

“दर वर्षी याच्या पोटापाण्यासाठी खजिन्यातून थैली निघते. ती याच्या पोटात गेली का, हे आपण कधी विचारत नाही. वर याचं कोणी नाव घेतलं, तर त्यालाच तुरुंगात घालता. एवढे लाड परक्या पोराचे कोण करतं?”

राजा असा गडगडाट करून हसला, की मेणा गदगदा हलला. त्या दिवशी बसला तो तेवढाच हिसका!

“दिवाणजी,” डोळे पुसत राजा म्हणाला, “आपली लेकरं आपल्या खर्चानं पोसायची! वाड्याच्या अंगणातले दगड आजच उचला. आणि सगुणे, माझ्या दत्तकाचं काय करू?”

“काही नाही, महाराज. दिलेला घास त्याच्या तोंडी पडतो का, तेवढं मेण्यातून उतरून बघत जा!”

राजा तिथेच खाली उतरला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाच्या हातात घातलं आणि लिंबाजीला तुरुंगातून आणायला आपला मेणा पाठवला. पुढे चालून हाका द्यायचं काम दिवाणजींना मिळालं. अट एकच, प्रत्येक लेकराला बापाच्या नावानं हाक मारायची!